नाकावर चौदा तारे, आणि आमच्या बागेतलं बिननंबरी मिग

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये हवाई दलाच्या मिग-२१ ह्या लढाऊ विमानाला निरोप दिला, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, ती मी कळव्याच्या घरी टीव्हीसमोर एकट्यानं बघितली. सून ऑफिसात, नातू शाळेत. आमची ही मधे एकदा येऊन म्हणाली, "अहो, चहा गार झाला," आणि माझं तोंड बघून कप उचलून परत गरम करायला घेऊन गेली. तेव्हापासून आमच्या बागेतल्या मिगच्या रंगाखाली गाडलेल्या नंबराबद्दल हे पत्र लिहायचं डोक्यात आहे. पण त्याचं मूळ त्याआधीचं, मे महिन्यातल्या व्हिएतनामच्या सहलीत आहे.

मी ओझरचा. जन्म निफाड तालुक्यातलाच, पण तिथल्या मिगच्या कारखान्यामुळं आमच्यात ओझर म्हणजे ‘ओझर मिग’. एसटीच्या पाटीवरही तेच असायचं. आयटीआय करून १९७५ ला एचएएल ह्या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या नाशिक विभागात फिटर म्हणून लागलो आणि २०१३ ला बाहेर पडलो. विमानाचा सांगाडा आमच्याकडे व्हायचा, इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून यायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून. मी लागलो तेव्हा मिग-२१ चा ‘एम’ प्रकार चालू होता. मग ‘बिस’ आला, तो १९८७ पर्यंत. पुढे मिग-२७, आणि शेवटी ओव्हरहॉल, म्हणजे जुनं विमान उघडून, तपासून परत जोडायचं. पत्रे जोडणारी रिव्हेट ठोकायला एकानं बाहेरून रिव्हेट गन धरायची, दुसऱ्यानं आत घुसून मागून टेकू द्यायचा ठोकळा, म्हणजे डॉली, लावायची. मी अंगानं बारीक, म्हणून पहिली बारा वर्षं आतच. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या सपाटीत बसलं की नाही हे गेज घेऊन तपासायचं असतं, पण त्याआधी जो तो अंगठ्याचं नख फिरवून बघतो. नख अडलं की रिव्हेट परत काढा. ती सवय अजून गेलेली नाही. घरातल्या फ्रिजच्या दारावरूनही नख फिरतं.

व्हिएतनामला जायचं मुलानं ठरवलं. मुंबईहून थेट विमान, थायलंडपेक्षा गर्दी कमी, आणि व्हेज जेवण मिळतं असं कुणीतरी सांगितलेलं. (मिळतं, पण दोन दिवसांनी भाकरीची आठवण येते.) माझा कार्यक्रम असा काही नव्हता. सायगावला, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह शहरात, ३० एप्रिलला युद्ध संपल्याची पन्नास वर्षं नुकतीच साजरी झाली होती, लाल झेंडे अजून खांबांवर होते. तिथलं युद्ध अवशेष संग्रहालय हे पहिलं ठिकाण. तिकीट चाळीस हजार डाँग. नातवानं आकडा वाचून "आजोबा, चाळीस हजार!" म्हणून रांगेतच बोंब मारली. आपले तेव्हा एकशेतीस-चाळीस रुपये झाले.

हे संग्रहालय सप्टेंबर १९७५ मध्ये, युद्ध संपल्यावर पाचव्याच महिन्यात उघडलं. तेव्हा त्याच्या नावातच अमेरिकेचे ‘गुन्हे’ होते. आताचं मवाळ नाव १९९५ चं, अमेरिकेशी संबंध जुळले त्याच वर्षातलं. अंगणात पकडलेली अमेरिकन विमानं आहेत : ह्यूई हेलिकॉप्टर, दोन पंख्यांचं चिनूक (आपल्या हवाई दलात २०१९ पासून आहे, त्याचंच हे आजोबा), स्कायरेडर, ए-३७, एफ-५. एका कोपऱ्यात जंगल सपाट करायचा सहा-सात हजार किलोचा बॉम्ब, हेलिकॉप्टर उतरवायला जागा हवी म्हणून टाकायचा तो. सून आणि आमची ही वरच्या मजल्यावर फोटो बघायला गेल्या आणि दहाव्या मिनिटाला खाली येऊन झाडाखाली बसल्या. एजंट ऑरेंजचं, म्हणजे अमेरिकेनं जंगलांवर फवारलेल्या विषाचं दालन त्यांना पाहवलं नाही. मी नंतर एकटा जाऊन आलो. त्याबद्दल इथं लिहीत नाही, ते एका पत्रात मावणारं नाही.

मी रमलो ते अंगणात. एफ-५ च्या पंखाशी उभा राहिलो, साखळी गुडघ्याएवढी, हात आपोआप पुढे गेला आणि नख फिरलं. अमेरिकन काम कसं आहे ते बघायला नको का? फुर्रर्र करून शिट्टी वाजली. रखवालदार पोरगेलासा, रागावला नाही, नुसती मान हलवली. मी खुणेनं सांगायचा प्रयत्न केला की मी विमानं जोडायचो. त्याला वाटलं मी पायलट होतो, त्यानं सलाम ठोकला. नातू आठवडाभर हसत होता. काम चांगलं होतं, नख कुठं अडलं नाही. रंगाचे थर मात्र एकावर एक चढलेले, हे तिथंही आहेच.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य राजवाडा. ८ एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामच्याच हवाई दलातल्या न्गुएन थान्ह च्युंग ह्या वैमानिकानं एफ-५ घेऊन ह्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले. तो आतून उत्तरेचा माणूस होता. जिथं बॉम्ब पडले तिथं गच्चीवर तांबडी वर्तुळं काढून ठेवली आहेत, शेजारी एक ह्यूई उभं. खाली बागेत एफ-५. वीस दिवसांनी, २८ एप्रिलला, त्याच माणसानं ताब्यात आलेली पाच ए-३७ विमानं नेऊन तान सोन न्यात विमानतळावर हल्ला केला. आम्ही पहाटे डोळे चोळत उतरलो आणि बॅगांसाठी भांडलो तो हाच विमानतळ. मला बांगलादेश युद्धातला १४ डिसेंबर १९७१ आठवला. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर आपल्या मिग-२१ नी रॉकेटं डागली होती. शाळेत होतो मी, बातमी रेडिओवर ऐकलेली. चार वर्षांनी तेच विमान हाताखाली येईल असं कुठं माहीत होतं.

पण ज्यामुळं हे पत्र सुचलं ते विमान नाही, राजवाड्याच्या हिरवळीवरचे दोन रणगाडे. एकावर ८४३, दुसऱ्यावर ३९०. हे दोन्ही त्याच जातीचे दुसरे आणून ठेवलेले, मूळचे हनोईत आहेत. ३० एप्रिलला राजवाड्याचं मुख्य फाटक कोणी पाडलं? वीस वर्षं सगळे ८४३ चं नाव घ्यायचे. मग १९९५ मध्ये फ्रान्स्वाज डेमुल्डर ह्या फ्रेंच फोटोग्राफर बाईंनी त्या दिवशी काढलेला फोटो समोर आला. मुख्य फाटकातून आत येणाऱ्या रणगाड्यावर आकडा ३९० होता. ८४३ बाजूच्या फाटकात अडकलेला, त्याचा कमांडर उतरून झेंडा घेऊन पळत वर गेला. इतिहास दुरुस्त झाला तो बुरुजावर ठसठशीत रंगवलेल्या तीन आकड्यांमुळं. कुणी तेव्हा शोभेसाठी नवा रंग मारून आकडा घालवला असता तर फोटो असून काय उपयोग होता?

हनोईला आलो. तिथलं लष्करी इतिहास संग्रहालय आता शहराबाहेर नव्या इमारतीत गेलंय, नोव्हेंबर २०२४ पासून. दारातून आत गेलो आणि मान वर केली, तर मुख्य दालनाच्या छताला मिग-२१ टांगलेलं. नंबर ४३२४. नाकावर चौदा लाल तारे. ह्या एका विमानातून नऊ वेगवेगळ्या वैमानिकांनी मिळून चौदा अमेरिकन विमानं पाडली, असा त्यांचा हिशेब आहे. ते तिकडं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालंय.

लोक नाकाचे फोटो काढत होते. मी खालून पोट बघत होतो. आमच्यासारख्यांना मिग पोटाकडूनच जास्त ओळखीचं, कारण निम्मं काम पाठीवर झोपून. एअरब्रेकची दारं, शेपटीखालचा मधला पंख, तपासणीच्या झाकणांचे गोल-चौकोन. कुठल्या झाकणाखाली हात घातला की कोपर सोलायचं, हे मला अजून आठवतं. मुलानं विचारलं, "बाबा, बरे आहात ना?" मी म्हटलं मान अवघडली.

तिथंच दुसरं मिग-२१ आहे, ५१२१. हे एमएफ, म्हणजे आमच्या ‘एम’चा सख्खा भाऊ. नाकावरची वेग मोजायची लांब पिटो नळी मधोमध नसून उजवीकडे सरकलेली, पाठीचा कणा जाड, काचेचं झाकण उजव्या बाजूला उघडणारं. नातवाला मी पाटी न वाचता प्रकार सांगितला आणि मग पाटी वाचायला लावली. त्यानं पहिल्यांदाच आजोबांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं, खोटं कशाला बोलू. हे विमान घेऊन फाम तुआन यांनी २७ डिसेंबर १९७२ च्या रात्री बी-५२ हे अमेरिकेचं अवाढव्य बॉम्बफेकी विमान पाडलं, असं तिथं लिहिलंय. अमेरिकन म्हणतात आमची सगळी बी-५२ जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांनी पडली, मिगनं एकही नाही. त्या डिसेंबरातल्या बॉम्बहल्ल्याच्या बारा दिवसांत एकूण किती पडली ह्यावरही मेळ नाही : व्हिएतनाम ३४ म्हणतं, अमेरिका १५. तेव्हा पाटीवरचं सगळं डोळे झाकून घ्यावं असं मी म्हणत नाही. जिंकणाऱ्यानं लिहिलेली पाटी आहे ती. पण विमान तेच आहे, नंबर तोच आहे, तारीख आहे, माणसाचं नाव आहे. वाद घालायचा तर घालायला काहीतरी आहे.

हेच फाम तुआन १९८० मध्ये रशियाच्या सोयुझ यानातून अंतराळात गेले, आशियातले पहिले. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये. तेही मिग-२१ चेच वैमानिक, आणि १९८७ पासून काही वर्षं आमच्या ओझरलाच मुख्य चाचणी वैमानिक होते. हँगरकडे चालत जाताना दिसायचे. आम्ही जोडलेलं विमान पहिल्यांदा हवेत नेणारा माणूस म्हणजे आमच्यासाठी कोण, हे बाहेरच्याला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी हुउ तिएप तळं बघितलं. नाव मोठं, तळं आपल्या ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या एका कोपऱ्याएवढं. चारी बाजूंनी घरं, कपडे वाळत घातलेले, आणि मधोमध २७ डिसेंबर १९७२ ला पडलेल्या बी-५२ चे तुकडे पाण्यातून वर आलेले. कुणी उचलून नेले नाहीत, रंगवले नाहीत. काठावर एक संगमरवरी पाटी. शेजारच्या घरातली बाई भाजी निवडत होती.

परतीच्या विमानात नातवानं विचारलं, आपल्याकडं असं काही का नाही? आहे की. दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय, गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं, अहिल्यानगरला रणगाड्यांचं, विशाखापट्टणमला तर अख्खी पाणबुडी किनाऱ्यावर. पण मुंबईत विक्रांत ही विमानवाहू नौका होती, तीही सांगावी लागली. १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, मी ह्याच्या बापाला नेऊन दाखवलेली. २०१४ ला दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथं, तुकडे झाले. त्याचं पुढचं "का?" आलं तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. ठाणे-नवी मुंबईच्या आपल्या पट्ट्यात एका बागेत एक विमान बसवलंय. बागेचं नाव लिहीत नाही, ती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना हे वाचून कळेलच. मी तिथं संध्याकाळी फिरायला जातो. चौथऱ्यावर, नाक वर करून, शेजारी चमचमत्या अक्षरांचा सेल्फी पॉइंट. विमान मिग-२१ आहे, ‘एम’ आहे, म्हणजे माझ्या काळातलं. सगळ्या अंगाला चंदेरी ऑइलपेंट, ब्रशनं मारलेला, ओघळ दिसतात. काचेला आतून-बाहेरून निळा रंग. नाकातल्या हवेच्या तोंडात कबुतरांनी संसार थाटलाय. शेपटीवरचा नंबर रंगाखाली गाडलेला. आपल्या मिग-२१ चे नंबर ‘सी’ अक्षरानं सुरू होतात आणि पुढं आकडे असतात. ते विमानाचं नाव-गाव सगळं. त्यावरून ते कधी बनलं, कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं, किती तास उडालं हे काढता येतं. पाटी आहे, पण तिच्यावर उद्‌घाटन कोणाच्या हस्ते झालं आणि प्रमुख पाहुणे कोण होते एवढंच. विमानाचं नाव नुसतं ‘लढाऊ विमान’.

मी दोनदा ऑफिसात जाऊन आलो. पहिल्यांदा "साहेब मीटिंगमध्ये आहेत." दुसऱ्यांदा एका तरुण मुलानं नीट ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं, आणि म्हणाला, "काका, पावसाळ्याआधी परत रंग मारायचंच आहे, तेव्हा बघतो." मला घामच फुटला. म्हणजे आणखी एक थर!

मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ म्हणतात ते मला माहीत आहे. शेवटची काही वर्षं अपघाताची बातमी आली की ओझरच्या टाउनशिपमधले आम्ही सगळे आधी नंबर विचारायचो. एकदा पेपरात आलेला नंबर माझ्या जॉब कार्डावरचा होता, माझ्या सहीचा. पोरगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, गेला. विमान त्याआधी कितीतरी वेळा ओव्हरहॉलला येऊन गेलेलं, चौकशीत कारण वेगळं निघालं, पण मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तो नंबर इथं लिहीत नाही, त्याच्या घरचे हयात असतील. सांगायचं एवढंच की बागेतल्या विमानाच्या पाटीवर फक्त शौर्यच लिहा असा माझा हट्ट नाही. जे घडलं असेल ते लिहा, अपघातात पडता पडता वाचलं असेल तर तेही. पण कोणाबद्दल लिहितोय ते आधी कळू दे.

आता मिग निवृत्त झालंय, म्हणजे गावोगावच्या बागा, शाळा, चौक विमानं मागणार. मागावीत. नवी मुंबईत विमानतळ झालाय, तिथल्या पोरांना नाशिक जिल्ह्यात जोडलेलं लढाऊ विमान जवळून बघायला मिळालं तर ह्यापरतं काय हवं. फक्त देणाऱ्यानं विमानासोबत त्याच्या लॉगबुकातलं एक पानभर टिपण द्यावं, आणि घेणाऱ्यानं ते मराठीत पाटीवर घालावं. डोक्यावर साधं पत्र्याचं छप्पर, हवेच्या तोंडाला जाळी, काचेवर रंग नको. ह्याला लाखांचं टेंडर लागत नाही. ओझरहून निवृत्त झालेले आम्ही पंधरा-सोळा जण डोंबिवली ते पनवेल विखुरलेलो आहोत, व्हॉट्सॲपवर रोज गुड मॉर्निंग पाठवून कंटाळलोय. बोलवा, डबा घेऊन येतो.

गेल्या रविवारी नातवाला घेऊन त्या बागेत अंधार पडल्यावर गेलो. जुन्या रंगाच्या आकड्यांना कडा असतात, वरून रंग मारला तरी त्या राहतात. समोरून दिसत नाहीत, उजेड तिरका पडला की दिसतात. नातवाला चौथऱ्यावर चढवला आणि मोबाइलची बॅटरी शेपटीला चिकटवून धरायला सांगितली. आधी ‘सी’ उमटला. मग एक, मग दुसरा, मग तिसरा आकडा, सावकाश, जसा तो हात सरकवत गेला तसे. चौथ्यावर रंगाचा मोठा ओघळ आलाय, काही केल्या लागेना. नख फिरवून बघितलं, तरी नाही. एवढ्यात बागेच्या रखवालदाराची शिट्टी वाजली, ह्यानं काही सलाम ठोकला नाही.

चौथ्या आकड्यावाचून उरलेल्या तिघांचा उपयोग नाही, दहा विमानांपैकी कुठलंही असू शकतं. तेवढा तळहाताएवढा भाग खरवडायची लेखी परवानगी मिळावी, आणि ती मिळेपर्यंत ह्या विमानाला रंग मारू नये. पेंट रिमूव्हर आणि शिडी मी आणतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त फिटर
कळवा, ठाणे
(नाव, पत्ता सोबत वेगळा जोडला आहे. छापू नये.)